राजवाड्याशेजारचें चित्रप्रदर्शन

परदेशीं जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला जेवणाचा, दुसरा थंडीचा आणि तिसरा खर्चाचा. आम्ही इ. स. २०२३ च्या उन्हाळ्यांत कोरियाहून परत आलों तेव्हां या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें देतां देतां थकून गेलों. शाकाहारी माणसाचें तिकडे कसें निभावतें, हें जाणण्याची उत्सुकता आमच्या आळींत इतकी प्रबळ होती, कीं तेथें पाहिलें काय, हा चौथा प्रश्न कोणींच केला नाहीं. म्हणून तो आपणच आपल्याला विचारून त्याचें उत्तर लिहून काढावें असें ठरविलें. या उत्तरांत आमच्या एका जुन्या चुकीचाही संबंध येणार आहे. ती चूक त्या प्रदर्शनांतच आमच्या ध्यानांत आली. तेव्हां तिला वगळून प्रदर्शनाचें वर्णन करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सुवोन येथें राहतात. तेथून राजधानीचें शहर सेऊल आगगाडीनें सुमारें तासाभराच्या अंतरावर आहे. जून महिन्यांतील एका रविवारीं चिरंजीव व सूनबाई कामांत गुंतलेलीं असल्यामुळें आम्ही, आमची सौभाग्यवती आणि बारा वर्षांची नात अशीं तिघें निघालों. नात तिकडील शाळेंत शिकते; तेथील लिपि तिला देवनागरीइतकीच सहज वाचतां येते. प्रवासांत ती आमची वाटाडी, दुभाषी आणि प्रसंगीं गुरु अशा तिन्ही अधिकारांवर होती. जन्मभर दुसऱ्यांस शिकविलेल्या माणसानें नातीच्या मागून मुकाट्यानें चालावें यांतही एक सुख आहे. तें ज्यांनीं अनुभविलें असेल त्यांस अधिक सांगण्याची गरज नाहीं.

आन्गुक नांवाच्या भुयारी स्थानकांतून वर येऊन पश्चिमेकडे चालूं लागलें, कीं थोड्याच वेळांत ग्यॉन्गबोक राजवाड्याची लांबच लांब भिंत दिसूं लागते. पाठीमागें बुगाक डोंगर उभा आहे. हा राजवाडा इ. स. १३९५ मध्यें बांधला गेला, १५९२ मध्यें जपानी स्वारीच्या धामधुमींत जळाला आणि पुढें एकोणिसाव्या शतकांत पुन्हा उभारला गेला. सेजोंग राजानें कोरियन भाषेसाठीं नवी लिपि सिद्ध केली ती १४४३ मध्यें, याच राजवाड्याच्या आश्रयानें. आणि १४४६ मध्यें ती प्रजेच्या स्वाधीन केली. रस्त्यावरील पाट्या दाखवून नात आम्हांस तीं अक्षरें समजावून देत होती. ‘क’ उच्चारतांना जिभेचें मूळ वर उचलतें, त्याचेंच चित्र म्हणजे त्यांचा ‘क’; ‘म’ म्हणजे मिटलेल्या तोंडाची चौकट. व्यंजनांचे पांच वर्गही उच्चारस्थानांवरूनच पाडलेले. कण्ठ्य, दन्त्य, ओष्ठ्य असे वर्ग पाठ करून ज्याचें बालपण गेलें त्याला हें ऐकून परक्या मुलुखांत अकस्मात् सोयरा भेटल्याचा आनंद व्हावा, हें साहजिकच आहे. परंतु त्याहूनही लक्षांत राहिली ती पुढची हकीकत. ही लिपि निघाली तेव्हां दरबारांतील छ्वे मान-री प्रभृति विद्वानांनीं १४४४ मध्यें राजाकडे लेखी हरकत घेतली होती. चिनी अक्षरें टाकून असें कांहीं नवें काढणें हें सुसंस्कृत राष्ट्रास शोभत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. ते विद्वान् होते, प्रामाणिक होते, आणि त्यांची चूक झाली होती. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायीं असूं शकतात, हें त्या दिवसाचें पहिलें स्मरण.

राजवाड्याच्या पूर्वेस, मधला रस्ता ओलांडला कीं, राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाची सेऊलमधील इमारत लागते. ही वास्तु १३ नोव्हेंबर २०१३ पासून लोकांस खुली झाली. राजवाड्याच्या शेजारीं उंच इमारत उठून दिसूं नये म्हणून बरीचशीं दालनें जमिनीखालीं घेतलीं आहेत आणि वर मोकळीं अंगणें ठेविलीं आहेत. भोंवतीं कुंपणाची भिंत नाहीं. येणारा जाणारा सहज आंत शिरतो. मुलें अंगणांत धांवत होतीं आणि म्हातारीं माणसें सांवली धरून बसलीं होतीं.

परंतु या जागेचा पूर्वेतिहास नातीनें पाटीवरून वाचून दाखविला तेव्हां आम्ही थबकलों. पूर्वीं येथें राजघराण्याच्या वंशावळी सांभाळणारें कार्यालय होतें. पुढें जपानी अमदानींत येथें विटांची इमारत उभी राहिली, ती इस्पितळाची. स्वातंत्र्यानंतर तेथें लष्करी इस्पितळ आलें आणि मग लष्कराच्या गुप्त पाळतीचें मुख्य ठाणें. कोणी कोठें काय बोललें याची नोंद ठेवणारें जें खातें, त्याचें हें घर. १९७९ च्या ऑक्टोबरांत राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हां त्यांचा देह आणला गेला तो येथील इस्पितळांत. आणि त्याच डिसेंबरांत ज्यांनीं लष्करी बळानें सत्ता हातीं घेतली ते चुन डू-ह्वान याच ठाण्याचे अधिपति होते. टेनिस खेळण्यास जागा हवी म्हणून राजवंशावळींचें तें जुनें लांकडी कार्यालय १९८१ मध्यें उचलून जवळच्या एका ग्रंथालयाच्या आवारांत नेऊन ठेविलें होतें. तें आतां पुन्हां मूळ जागीं आलें आहे. पाळतीचें ठाणें २००८ मध्यें ग्वाचॉन या गांवीं गेलें. आणि मौज अशी, कीं ज्या राष्ट्रीय संग्रहालयानें ही जागा घेतली त्याचें मुख्य घर १९८६ पासून ग्वाचॉन येथेंच आहे. जणूं दोन कुळांनीं आपसांत बिऱ्हाडें बदलून घेतलीं! विटांची ती इमारत मात्र पाडली नाहीं. तिच्याच बाजूनें आंत जावें लागतें.

आंत त्या वेळीं जें प्रदर्शन भरलें होतें त्याचा विषय १९६० ते १९८० या वीस वर्षांतील कोरियाची प्रयोगशील कला हा होता. २६ मे ते १६ जुलै २०२३ पर्यंत तें येथें होतें. नंतर तें न्यूयॉर्क येथील गुगेनहाइम संग्रहालयांत आणि तेथून लॉस एंजेलिस शहरीं गेलें. अमेरिकेंत त्याला ‘केवळ तरुण’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें. तें नांव यथार्थ होय; कारण ज्यांचीं कामें येथें मांडलीं होतीं तीं बहुतेक माणसें त्या काळीं विशी-तिशींतील होतीं. नांव नाहीं, पैसा नाहीं, गुरूंचा आशीर्वाद नाहीं, अशी त्यांची अवस्था. त्या वेळीं कोरियांत सरकारी वार्षिक चित्रप्रदर्शनाचा मोठा दबदबा असे. तें १९४९ मध्यें सुरू झालें आणि १९८१ पर्यंत चाललें. त्यांत बक्षीस मिळालें तर चित्रकार, नाहीं तर कोणी नाहीं, असा व्यवहार होता.

या तरुणांपैकीं तीन मंडळें १९६७ च्या डिसेंबरांत एकत्र आलीं आणि त्यांनीं सेऊलच्या सरकारी माहिती-भवनांत ‘तरुण कलावंतांचें संयुक्त प्रदर्शन’ भरविलें. ११ तारखेपासून १७ तारखेपर्यंत तें चाललें. प्रारंभाच्या दिवशीं हीं मुलें हातांत फलक घेऊन रस्त्यानें मिरवत गेलीं. प्रदर्शनांत रंगविलेलीं चित्रें थोडीं. रबरी हातमोजे, विजेच्या नळ्या, घरगुती वस्तु असलेंच सामान अधिक. जंग कांग-जा नांवाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणीनें उघडलेल्या ओठांची एक प्रचंड आकृति करून ठेविली होती. मूळ वस्तु आतां नाहीं. २००१ मध्यें पुन्हां केलेली आम्हीं पाहिली. आमची सौभाग्यवती तिच्याकडे पाहून हळूच म्हणाली, “हें तोंड कांहीं तरी बोलणार होतें असें वाटतें.” एवढी नेमकी टीका आम्हांला सुचली नसती.

१४ डिसेंबर रोजीं त्याच प्रदर्शनांत एक प्रकार घडला. त्याला कोरियांतील पहिलें ‘हॅपनिंग’ म्हणतात. हॅपनिंग म्हणजे नाटक नव्हे आणि चित्रही नव्हे. कांहीं माणसांनीं ठरवून कांहीं तरी करावयाचें, आणि तें करणें हीच कलाकृति. एक तरुणी प्लॅस्टिकची छत्री उघडून खुर्चीवर बसली. इतरजण मेणबत्त्या घेऊन तिच्याभोंवतीं फेर धरून निळ्या पांखराचें एक जुनें लोकगीत गाऊं लागले. हें गीत १८९४ च्या शेतकऱ्यांच्या बंडाशीं जोडलें गेलें आहे. तेथील मुलें तें पाळण्यांतच ऐकतात. गातां गातां मेणबत्त्या छत्रींत खोंवल्या गेल्या, मग विझविल्या गेल्या, आणि शेवटीं ती छत्री फाडून पायांखालीं तुडविली गेली. त्या काळचे वृत्तपत्रांतील फोटो भिंतीवर होते. त्यांतील पोरांचे चेहरे पाहून आम्हांस गॅदरिंगमधील वात्रट मुलांची आठवण झाली, हें कबूल केलें पाहिजे. छत्री कशाची, संरक्षणाची कीं दडपणाची, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. ज्याला त्या छत्रीखालीं राहावें लागत होतें त्याला तें सांगावें लागलें नसेल.

पुढल्या वर्षीं, १७ ऑक्टोबर १९६८ रोजीं, जंग कांग-जा आणि तिचे दोन सहकारी हान नदीच्या कांठीं पुलाखालीं खड्डे खणून गळ्यापर्यंत मातींत उभे राहिले. लोकांनीं त्यांच्यावर पाणी ओतलें. मग वर येऊन त्यांनीं कलाक्षेत्रांतील ढोंगी मंडळींवरचे आरोप प्लॅस्टिकच्या वस्त्रांवर लिहिले, ते वाचले आणि जाळून टाकले. याच बाईंच्या त्याच वर्षींच्या आणखी एका प्रयोगाचें वर्णन या मासिकाच्या पानांत न करणेंच बरें. परंतु तो केवळ चवचालपणा होता असें म्हणण्यास, सर्व पाहून झाल्यावर, आमचें मन धजत नाहीं. १९७० च्या ऑगस्टांत तिचें स्वतंत्र प्रदर्शन अधिकाऱ्यांनीं बंद पाडलें. १९७७ मध्यें ती देश सोडून सिंगापुरास गेली. पुढें परत आली आणि निमूटपणें चित्रें काढीत राहिली. २०१७ च्या जुलैंत ती वारली. सहा वर्षांनीं तिचे ते ओठ राजवाड्याशेजारच्या सरकारी दालनांत मानानें विराजमान झाले.

सर्वच कामें अशीं बंडखोरीचीं होतीं असें नव्हे. किम कु-लिम या कलावंतानें ११ एप्रिल १९७० रोजीं हान नदीच्या उतारावरील वाळलेलें गवत त्रिकोण आंखून एकाआड एक जाळलें. काळा त्रिकोण, पिवळा त्रिकोण, पुन्हां काळा. कांहीं काळानें सर्वत्र नवें गवत उगवलें. प्रथम दोन्ही ठिकाणचा हिरवेपणा वेगळा दिसे, आणि मग तोही भेद मिटून गेला. आमचें बालपण कोंकणांत गेलें. भातरोपाच्या जागेवर राब भाजलेला आणि पहिल्या पावसानंतर तेथूनच लुसलुशीत रोपें उठलेलीं ज्यानें पाहिलीं आहेत, त्याला हें चित्र समजण्यास कोणत्याही टीकाग्रंथाची गरज नाहीं. ली कांग-सो यानें १९७३ मध्यें एका जुन्या गुत्त्यांतील मेजें आणि बांकें विकत घेतलीं आणि सेऊलच्या म्यॉन्गडोंग चित्रशाळेंत आठवडाभर मांडून ठेविलीं. लोक यावयाचे, बसावयाचे, तांदळाची दारू पिऊन बोलत राहावयाचे. चित्र एकही नाहीं! या कामाला त्यानें ‘लोप’ अशा अर्थाचें नांव दिलें. आमच्या घराण्यांत त्या पेयास कोणी शिवलें नाहीं, त्यामुळें आम्ही पुढें सटकणार होतों. तेवढ्यांत सौभाग्यवती म्हणाली, “पंगत उठून गेल्यावर मांडवांत असेंच वाटतें.” पुन्हां फोटोकडे पाहिलें. मेजांवर भांड्यांचे आणि विड्यांचे डाग होते. ज्यांनीं ते पाडले तीं माणसें नव्हतीं.

येथवर आम्ही पाहुण्यासारखे चाललों होतों. एकीकडे कुतूहल आणि एकीकडे वृद्धांचा समंजस तिटकारा. त्यानंतरच्या दालनांत ली कुन-योंग याच्या कामाचे फोटो होते. १९७५ सालीं तो जमिनीवर एक वर्तुळ काढतो. बाहेर उभा राहून वर्तुळाकडे बोट दाखवितो आणि म्हणतो, ‘तेथें.’ मग आंत जाऊन पायांकडे बोट दाखवितो आणि म्हणतो, ‘येथें.’ मग दुसरीकडून बाहेर पडतो, मागें वळून न पाहतां खांद्यावरून बोट करतो, आणि पुन्हां ‘तेथें’. शेवटीं वर्तुळाच्या रेषेवरूनच चालूं लागतो आणि विचारीत राहतो, ‘कोठें? कोठें?’ याला त्यानें ‘स्थळाचें तर्कशास्त्र’ असें नांव दिलें आहे.

नात म्हणाली, “आजोबा, यांत काय आहे? हें तर कोणालाही करतां येईल.” आणि त्या दिवसांत प्रथमच दुभाष्याची भूमिका आमच्याकडे आली. आम्ही तिला सांगूं लागलों: अत्र, तत्र, कुत्र. वर्तुळ तेंच, बोटही तेंच. बोलणारा जेथें उभा राहतो त्याप्रमाणें एकाच जागेचें नांव बदलतें. इदम् जवळचें, अदस् दूरचें, तद् दृष्टीआडचें, हीं सर्वनामें आम्हीं वर्षानुवर्षें पाठ करून घेतलीं. परंतु कोणत्याही विद्यार्थ्यास उठवून वर्तुळांत उभें केलें नाहीं. नात म्हणाली, कोरियन भाषेंतही असे तीन शब्द आहेत: माझ्याजवळचें, तुझ्याजवळचें आणि दोघांपासून दूरचें. मग तिथेंच, रखवालदाराचें लक्ष नाहीं असें पाहून, तिनें फरशीवर बोटानें अदृश्य वर्तुळ काढलें, त्यांत उडी मारली आणि म्हणाली, “अत्र!”

त्याच क्षणीं आम्हांस तो मुलगा आठवला.

सुमारें तीस वर्षें झालीं असतील. आठवीच्या वर्गांतील एक मुलगा वहींत चित्रें काढी. एके दिवशीं राम-शब्दाचीं रूपें लिहिण्यास सांगितलें असतां त्यानें रूपांच्या शेजारीं लहान लहान माणसें काढलीं होतीं. पहिला नुसताच चाललेला. दुसऱ्याकडे कोणी तरी पाहत आहे. तिसऱ्याचा हात धरून दुसरा कोणी ओढा ओलांडीत आहे. चौथ्यापुढें कोणी ओंजळ केली आहे. पांचव्यापासून एक कुत्रें पळून जात आहे. सहाव्याच्या हातीं गाईचें दावें. सातव्याच्या खांद्यावर पांखरूं बसलेलें. आठवा पाहण्यापूर्वींच आम्हीं तें पान टराटर फाडलें आणि त्याला तास संपेपर्यंत उभें केलें. देवाच्या नांवाची आणि व्याकरणाची ही थट्टा आहे, असें आम्ही वर्गास बजावलें. तो एक शब्दही बोलला नाहीं. पुढें त्याच्या वह्या अगदीं स्वच्छ असत. त्याबद्दल आम्हीं वर्गांत त्याची स्तुतिही केली.

कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, संबंध, अधिकरण. साऱ्या वर्गानें रूपें पाठ केलीं होतीं; विभक्ति म्हणजे काय हें त्या एकालाच कळलें होतें. आणि हें कळण्यास त्याच्या शिक्षकाला सेऊलपर्यंत जावें लागलें.

पुढच्या भिंतीवर सुंग नंग-ग्यंग याचें १९७४ सालचें काम होतें. त्या वर्षीं जूनमध्यें भरलेल्या एका प्रदर्शनांत तो रोज त्या दिवसाचें वर्तमानपत्र फळ्यावर लावी, आणि वस्तऱ्याच्या पात्यानें त्यांतील मजकूर कापून काढी. कापलेले तुकडे एका पेटींत पडत. फळ्यावर भोकें उरत. दुसऱ्या दिवशीं नवा अंक, पुन्हां तेंच. १९७२ पासून देशांत राष्ट्राध्यक्षाच्या हातीं सर्व सत्ता एकवटली होती आणि काय छापावें यावर सक्त नजर होती. तें पाहून कोणीं कात्री चालविली हें कलावंतास तोंडानें सांगावें लागलें नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच वृत्तपत्राच्या जाहिराती दडपणामुळें बंद पडून त्याचे रकाने खरोखरच कोरे निघाले. १९७५ च्या आणीबाणींत आपल्याकडेही अग्रलेखाची जागा कोरी सोडलेलीं वर्तमानपत्रें निघालीं होतीं. तीं आम्हीं शाळकरी वयांत पाहिलीं आहेत आणि त्यांबद्दल आम्ही मोठ्या अभिमानानें मुलांस सांगतही असूं. परंतु त्या भोंकांकडे पाहतांना आमच्या डोळ्यांपुढें वर्तमानपत्र नव्हतें. कात्री केवळ सरकारच्याच हातीं असते असें नाहीं.

त्या दालनांतून बाहेर पडून आम्ही अंगणांत बराच वेळ बसलों. समोर ती विटांची इमारत होती. जेथें बसून लोकांच्या तोंडावर पाळत ठेविली जात होती तेथेंच आतां तेव्हांच्या बंडखोरांचा सत्कार चालला होता. हा काळाचा न्याय आहे असें म्हणून समाधान मानण्याचा मोह होतो. पण जंग कांग-जा तो न्याय पाहण्यास नव्हती. जो मान पन्नास वर्षांनीं मिळतो तो देणाऱ्याची लाज झांकतो. घेणाऱ्याचे उमेदीचे दिवस त्यांतून परत येत नाहींत.

कोरियन लोकांस हें अगदींच उमगलें नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. ज्या वर्षीं तें जुनें सरकारी प्रदर्शन बंद झालें त्याच १९८१ सालीं राष्ट्रीय संग्रहालयानें होतकरू कलावंतांचें एक प्रदर्शन सुरू केलें. बहुधा दर दोन वर्षांनीं तें भरतें; २०२५ मध्येंही तें ग्वाचॉन येथें भरलें. आज जगभर नांवाजलेले ली बुल, चॉय जंग-ह्वा, सु डो-हो हे कलावंत तरुणपणीं त्यांतूनच पुढें आले. १९९० पासून त्याला ‘जल्मन मोसेक’ असें नांव आहे. ‘जल्मन’ म्हणजे तरुण. ‘मोसेक’ हा मूळ चिनी शब्द. नातीनें त्याचा अर्थ ‘शोध’ असा सांगितला, परंतु मूळ अक्षरांचा भाव अंधारांत हातानें चांचपणें असा आहे. एका राष्ट्रानें आपल्या तरुणांस घरांत बोलावून म्हणावें, ‘तुमचें चांचपडणेंच आम्हांस दाखवा, उत्तर सांपडलेंच पाहिजे असें नाहीं,’ ही गोष्ट शिक्षकाच्या डोळ्यांत अंजन घालणारी आहे. आम्हीं आयुष्यभर उत्तरें तपासलीं. चांचपडणारा हात दिसला, कीं त्यावर पट्टी मारली.

तथापि तिकडेही सर्व सुरळीत झालें आहे असें कोणी समजूं नये. १९७० सालीं किम कु-लिम यानें राजवाड्याच्या आवारांत त्या वेळीं असलेली राष्ट्रीय संग्रहालयाची इमारत पांढऱ्या कापडानें गुंडाळली होती. ती थोड्याच वेळांत सोडविण्यांत आली. आम्ही परत आल्यावर, २०२३ च्या ऑगस्टांत, याच नव्या संग्रहालयांत त्याचें मोठें स्वतंत्र प्रदर्शन सुरू झालें. तेव्हां त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या वृद्धानें तसेंच पुन्हां करूं देण्याची मागणी केली होती. परंतु विटांची ती जुनी इमारत संरक्षित वास्तु असल्यामुळें परवानगीचें जमलें नाहीं, आणि त्यानें भर पत्रकारांसमोर आपली नापसंती बोलून दाखविली. हें वाचून आम्हांस हंसूं आलें आणि आदरही वाटला. ज्याचा सत्कार चालला आहे तो सत्कारानें गप्प होत नाहीं, हें लक्षण तरुणाचें होय. मग त्याचें वय कांहीं असो.

संध्याकाळीं परततांना भुयारी गाडींत नातीनें आमच्या रोजनिशीचें एक पान मागून घेतलें आणि राम-शब्दाचीं रूपें लिहून देण्यास सांगितलें. आम्हीं लिहून दिलीं. सुवोन येईपर्यंत तिनें पुढें एकेक माणूस काढला. तीं चित्रें तिचीं आहेत आणि चांगलीं आहेत. पण तीं त्या मुलाचीं नव्हेत. त्याच्या ओढ्यांतलें पाणी वेगळें होतें.

त्याचें नांव आम्हीं येथें दिलेलें नाहीं. आतां तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. कोठें आहे, काय करतो, आम्हांस ठाऊक नाहीं. हें मासिक पुष्कळ घरीं जातें. त्याच्या दृष्टीस हा लेख पडला तर त्यानें इतकेंच करावें. सात माणसें आम्हांस आठवतात. आठवा, संबोधनाचा, आम्हीं पाहिला नाहीं. तो कसा होता, कोणाला हांक मारीत होता, तें त्यानें एका पोस्टकार्डावर काढून संपादकांकडे पाठवावें. शाईचा डाग पडला तरी चालेल.